इंटरनेट मागितलं, गाणं वाजलं

अभ्यासिकेतल्या शांततेला स्वतःचे आवाज असतात. पंख्याची एकसुरी घरघर, पान उलटल्याची सळसळ, मागच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची सरकल्याची खरखर. परवा दुपारी त्या शांततेत एकदम गाणं वाजलं. खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं जुन्या लॅपटॉपवर, उबंटू या लिनक्स प्रणालीतल्या ब्लूटूथच्या यादीत, आपल्या फोनचं नाव शोधून ‘कनेक्ट’ दाबलं होतं. तिला फोनचं इंटरनेट ब्लूटूथवरून लॅपटॉपवर घ्यायचं होतं, ज्याला ब्लूटूथ टेदरिंग म्हणतात. फोनमध्ये अर्ध्यावर थांबलेलं गाणं लॅपटॉपच्या स्पीकरमधून मोठ्यानं सुरू झालं. काही ॲप समोर नवा स्पीकर दिसला की आपणहून वाजायला लागतात. पंधरा-वीस माना वळल्या. तिनं घाईघाईनं झाकण मिटलं, फोन उचलला आणि सगळं पोटाशी धरून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. झाकण मिटेपर्यंत पडद्यावर ‘कनेक्टेड’ असंच दिसत होतं.

तो शब्द डोक्यातून जाईना.

कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. ब्लूटूथमध्ये एकाच दारातून कितीतरी व्यवहार चालतात: गाणी ऐकवणं, फोनवरचं बोलणं, फाइल धाडणं, माउस-कीबोर्ड आणि इंटरनेट. प्रत्येक सेवा वेगळी आणि प्रत्येक वेगळी मागावी लागते. पेअरिंग ही नुसती ओळख. दोन्ही पडद्यांवर एकच सहा आकडी संख्या येते, ती जुळते का ते बघून दोन्हीकडे होकार द्यायचा, मग दोघं एकच गुप्त किल्ली आपापल्या घरात जपून ठेवतात. पण ओळख झाली म्हणून शेजारी आपणहून विरजण आणून देत नाही, वाटी घेऊन जावं लागतं. लिनक्समध्ये साधं ‘कनेक्ट’ दाबलं की आवाजासारख्या काही सेवा आपोआप जोडल्या जातात. लॅपटॉपला फोनचा स्पीकर होता येतं, म्हणून तो झाला. इंटरनेटची सेवा मात्र त्या बटणात धरलेलीच नाही. त्या सेवेत फोनची भूमिका असते ‘नेटवर्क ॲक्सेस पॉइंट’ची, लघुरूप एनएपी, आणि लॅपटॉप असतो ‘पॅन-यू’, म्हणजे पर्सनल एरिया नेटवर्कचा वापरकर्ता. मदतीच्या पानांवर ही नावं कुठेतरी तळाशी असतात. माझ्या मते ती पहिल्या ओळीत हवीत. ती माहीत नसलेला माणूस पुन्हापुन्हा तेच ‘कनेक्ट’ दाबत बसतो आणि शेवटी स्वतःलाच दोष देतो. ते फार वाईट वाटतं.

मग सरळ हॉटस्पॉट का नाही, हा प्रश्न रास्त आहे. वेगाचं म्हणाल तर हॉटस्पॉट ब्लूटूथच्या कितीतरी पुढे. पण हॉटस्पॉट चालू असला की फोन सेकंदाला दहाएक वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाळी देत राहतो, कुणी ऐको वा न ऐको. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला दुपारी तासभर हॉटस्पॉट चालवलेला फोन हातात घेऊन बघा, पाठ चटका देते आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. शिवाय त्याचं नाव अख्ख्या डब्याला, अख्ख्या एसटीला दिसतं. यूएसबीची तार लावली तर वेग उत्तम आणि कटकट सगळ्यात कमी, ती सोय असेल तर आधी तीच वापरावी. पण तार लावली की फोन लॅपटॉपची बॅटरी पिऊ लागतो, आणि वीज गेलेली असताना लॅपटॉपचा प्रत्येक टक्का मोलाचा असतो. फोनचं चार्जिंगचं भोक ढिलं झालेलं असेल तर तार जरा हलली की जोडणी तुटते. जुन्या लॅपटॉपच्या वायफाय कार्डाला लिनक्समध्ये ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, सापडत नाही असंही होतं. अशा वेळी ब्लूटूथ उपयोगी पडतं. फोन गार राहतो, खिशात राहतो, आणि बारीक का होईना, धार अखंड वाहते.

ही धार आतून कशी आहे ते बघण्यासारखं आहे. जोडणी झाली की लिनक्समध्ये ‘बीनेप-शून्य’ नावाचं एक नवं नेटवर्क कार्ड उगवतं. खरं कार्ड कुठेच नसतं. बीनेप म्हणजे ब्लूटूथ नेटवर्क एन्कॅप्सुलेशन प्रोटोकॉल, तो इथरनेटची पाकिटं ब्लूटूथच्या वेष्टनात गुंडाळून हवेतून पाठवतो. लॅपटॉपला वाटतं, कुणीतरी मागे लॅनची केबल खुपसली आहे. म्हणून पुढचं सगळं, आयपी मिळणं, रस्ता ठरणं, नावांचे पत्ते शोधणं, हे केबल लावल्यावर होतं तसंच होतं. याआधीची तऱ्हा निराळी होती. नोकिया आणि सोनी एरिक्सनच्या दिवसांत फोन मॉडेमचं सोंग घ्यायचा, लॅपटॉप त्याला *९९# हा नंबर फिरवायला लावायचा, मग पीपीपी या डायल-अपच्या जुन्या पद्धतीनं बोलणी व्हायची आणि जीपीआरएस या जुन्या मोबाइल डेटाचं सेकंदाला तीस-चाळीस किलोबिट एवढं इंटरनेट झिरपत यायचं. त्या काळात ब्लूटूथ हा रुंद रस्ता होता आणि फोनमागचं जाळं अरुंद. २०१६ च्या सप्टेंबरनंतर ४जी स्वस्त झालं आणि हे नातं उलटलं. आता फोनपर्यंत नदी येते आणि पुढचा हातभर प्रवास नळीतून होतो. नळी जवळजवळ तीच आहे, बदललं ते तिच्या मागचं पाणी.

आता प्रत्यक्ष कृती. सुरुवात फोनपासून करावी, आणि हा क्रम मोडू नये. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, तिथे नेटवर्क आणि इंटरनेट, तिथे हॉटस्पॉट आणि टेदरिंग, आणि तिथे ‘ब्लूटूथ टेदरिंग’. काही कंपन्या नावं थोडी बदलतात, पण जागा साधारण हीच. बटण फिकट दिसत असेल आणि दाबलं जात नसेल तर आधी ब्लूटूथ चालू आहे का बघावं, मग ‘डेटा सेव्हर’ बघावा. डेटा सेव्हर चालू असला की अँड्रॉइड कुठलंच टेदरिंग करू देत नाही, आणि डेटा वाचवायचा म्हणून तो चालू ठेवणारे नेमके तेच लोक असतात ज्यांना टेदरिंगची गरज पडते. दुसरी गोष्ट, फोन बंद करून चालू केला की हे बटण बहुधा पुन्हा बंद झालेलं असतं. काल चालत होतं आणि आज चालत नाही, या तक्रारीत निम्म्या वेळा एवढंच निघतं.

मग लॅपटॉप. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘आरएफकिल लिस्ट’ दिलं की ब्लूटूथचा रेडिओ अडवलेला आहे का ते दिसतं. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’नं सुटतो. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचा खटका किंवा कीबोर्डवरची विमानाची कळ शोधावी लागते. यादीत ब्लूटूथच नसेल तर बहुतेक वेळा फर्मवेअर, म्हणजे चिपला जागं करणारी फाइल, नाही. ‘डीमेसेज’ या आज्ञेनं दिसणाऱ्या नोंदींत ते न सापडल्याची ओळ असते, आणि डेबियन या लिनक्सच्या २०२३ च्या आधीच्या आवृत्त्यांवर हा अनुभव नेहमीचा, कारण मुक्त नसलेलं फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबर येऊ लागलं ते डेबियन १२ पासून. पुढे ‘ब्लूटूथसीटीएल’ हा ब्लूटूथ हाताळण्याचा प्रोग्राम टर्मिनलमध्ये उघडायचा. आत ‘पॉवर ऑन’, ‘एजंट ऑन’, ‘स्कॅन ऑन’. फोनवर ब्लूटूथचं पान उघडंच ठेवायचं, कारण ते मिटलं की फोन अनोळखी यंत्रांना दिसेनासा होतो. पडद्यावर पत्ते सरसर येऊ लागतात, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या आणि पुढे नाव. शेजाऱ्यांचे टीव्ही, कुणाचं घड्याळ, कुणाचे इअरबड, आणि त्यात आपला फोन. ‘पेअर’ आणि पत्ता, सहा आकडे जुळवून दोन्हीकडे होकार. मग ‘ट्रस्ट’ आणि पत्ता, म्हणजे दरवेळी परवानगी विचारली जात नाही. इथे थांबायचं. बोटं सवयीनं ‘कनेक्ट’ लिहायला जातात, ते लिहायचं नाही. त्याऐवजी ‘इन्फो’ आणि पत्ता द्यायचा आणि सेवांच्या यादीत ‘एनएपी’ आहे का ते वाचायचं. ती ओळ नसेल तर पुढे कितीही डोकं फोडलं तरी इंटरनेट येणार नाही. दोन्हीकडून पेअरिंग पुसावं, फोनवर टेदरिंग आधी चालू करावं आणि ओळख नव्यानं करून द्यावी.

एनएपी दिसलं की काम नेटवर्कमॅनेजरकडे, म्हणजे लिनक्समधल्या नेटवर्क जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, जातं. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ दिल्यावर यादीत ‘बीटी’ प्रकाराची एक ओळ येते, नावाच्या जागी फोनचा तोच बारा अक्षरी पत्ता. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस कनेक्ट’ आणि तो पत्ता, की दोन-चार सेकंदांत जोडणी उभी राहते. टर्मिनल नको असेल तर ग्नोम या डेस्कटॉपवर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या मेनूत टेदरचं बटण आलेलं असतं. एक्सएफसीईसारख्या हलक्या डेस्कटॉपवर ब्लूमॅन वापरतात, त्यात फोनच्या नावावर उजवी क्लिक करून ‘नेटवर्क ॲक्सेस पॉइंट’ निवडायचं. फेडोरा या लिनक्समध्ये नेटवर्कमॅनेजरचा ब्लूटूथचा भाग हे वेगळं पॅकेज आहे. ते नसेल तर ‘बीटी’ची ओळ येतच नाही, आणि ते उतरवायला इंटरनेट लागतं. म्हणून घरी वायफाय असताना, निवांतपणे, एकदा हा सगळा खेळ करून बघावा. गाडी सुटल्यावर तिकीट काढण्यात अर्थ नसतो. आणखी एक बारीक गोष्ट: नेटवर्कमॅनेजर फोनसाठी जी जोडणी स्वतः तयार करतो तिच्यात आपोआप जोडण्याची सोय सहसा बंद असते. झाकण मिटून उघडलं की जोडणी तुटलेली आढळते ती त्यामुळे. एकदा सेटिंगमध्ये जाऊन ती सोय चालू केली की बरंच सुसह्य होतं.

आणि तरीही पान उघडत नाही, असं होतं.

इथे घाबरून सगळं पुसून पुन्हा करण्यापेक्षा पायरीपायरीनं विचारावं. बहुतेक अँड्रॉइड फोन ब्लूटूथवर स्वतःसाठी १९२.१६८.४४.१ हा पत्ता घेतात. त्याला पिंग करावं, म्हणजे टर्मिनलमधून ‘आहेस का’ अशी हाक द्यावी. उत्तर आलं तर हवेतली नळी शाबूत आहे. मग १.१.१.१ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक सर्व्हरला, पिंग. त्याचं उत्तर आलं तर फोनच्या पलीकडचं जगही पोचलं, आणि तरी पान उघडत नसेल तर नावाचा पत्ता शोधण्यात, डीएनएसमध्ये, गडबड आहे. पहिलं पिंग जातं आणि दुसरं जात नाही, तेव्हा फोनकडे बघावं. डेटा संपलाय का, रेंज आहे का, की दुसऱ्या सिमवर कुणाचा तरी कॉल चालू आहे. दोन सिमच्या अनेक फोनांत एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसऱ्याचा डेटा तेवढा वेळ थांबतो, आणि लॅपटॉपला त्याचा पत्ताही नसतो.

पण सगळ्यात फसवी अडचण वेगळीच आहे, आणि ती अभ्यासिका, कॉलेज, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणीच भेटते. लॅपटॉप तिथल्या वायफायला जोडलेला असतो. त्या वायफायला इंटरनेट नसतं, किंवा लॉगिनचं पान मागे कुठेतरी अडकलेलं असतं. ब्लूटूथची जोडणीही नीट उभी असते. म्हणजे लॅपटॉपसमोर बाहेर जायचे दोन रस्ते आहेत. ‘आयपी राउट’ दिलं की ते दिसतात: ‘डिफॉल्ट’नं सुरू होणाऱ्या दोन ओळी, एकीच्या शेवटी मेट्रिक ६००, दुसरीच्या शेवटी ७५०. नेटवर्कमॅनेजर आपणहून वायफायला ६०० देतो आणि ब्लूटूथला ७५०, आणि आकडा जितका लहान तितका मान मोठा. सगळी पाकिटं इमानेइतबारे त्या मेलेल्या वायफायच्या रस्त्यानं जातात आणि परत येत नाहीत. शेजारचा चालता रस्ता मोकळाच राहतो. लिनक्सच्या काही वितरणांत नेटवर्कमॅनेजर मधूनमधून इंटरनेट खरंच आहे का हे तपासतो आणि नसेल तर त्या रस्त्याच्या मेट्रिकमध्ये तब्बल २०,००० मिळवून त्याला मागे ढकलतो. डेबियनमध्ये ही तपासणी मुळात चालू नसते. उपाय साधा आहे: ‘एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑफ’. यात दुसराही फायदा आहे. लॅपटॉपचं वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक एकाच चिपवर असतात, पुष्कळदा अँटेनाही वाटून घेतात, आणि मोकळं बसलेलं वायफाय थोड्याथोड्या वेळानं आसपासची नेटवर्कं हुंगत राहतं. ते गप्प झालं की ब्लूटूथची धार एकसारखी वाहते.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक पेच. ब्लूटूथचा पत्ता दोघांचा एकच, कारण तो कार्डाचा असतो, पण पेअरिंगची किल्ली प्रत्येक प्रणाली आपली वेगळी ठेवते. विंडोजमध्ये जाऊन फोन पुन्हा पेअर केला की फोनकडची जुनी किल्ली पुसली जाते आणि लिनक्सची जोडणी काही न सांगता नाकारली जाते. लिनक्सची किल्ली ‘व्हार’मधल्या ‘लिब’मधल्या ‘ब्लूटूथ’ या फोल्डरात, फोनच्या पत्त्याच्या नावाखाली, साध्या मजकुरात असते. रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार असतील तर ती उघडून दोन्हीकडची किल्ली सारखी करता येते. एवढं करण्याचा उरक प्रत्येकात नसतो, आणि नसला तर बिघडत नाही. एका प्रणालीत ब्लूटूथ नि दुसरीत तार, अशी वाटणी करून मोकळं व्हावं.

वेगाबद्दल स्पष्ट बोललेलं बरं, कारण बरेचजण तिथेच निराश होतात. ब्लूटूथ २.० बरोबर २००४ साली आलेल्या सुधारणेनं हवेतला वेग सेकंदाला ३ मेगाबिट झाला. वेष्टनं आणि पोचपावत्या वजा जाता डेटासाठी कागदावर सुमारे २.१ उरतो. खोक्यावर ५.३ लिहिलेलं असलं तरी यात फरक पडत नाही, कारण ५.० मधली वेगवाढ लो एनर्जी या दुसऱ्या शाखेतली आहे आणि हे टेदरिंग जुन्या शाखेवरच चालतं. प्रत्यक्षात हातात एक ते दीड मेगाबिट पडतो, म्हणजे सेकंदाला सव्वाशे ते जवळपास एकशे नव्वद केबी. १०० एमबीची फाइल साधारण नऊ ते तेरा मिनिटं घेते. १ जीबीला दीड ते सव्वादोन तास. ईमेल, नकाशा, लेख वाचणं, दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलनं काम करणं, लिहिलेला कोड सर्व्हरवर चढवणं, हे सगळं नीट होतं. ३६० पीचं व्याख्यान अडखळत नाही, ७२० पी मागितलं की गोल फिरायला लागतं. आणि याची एक गंमतशीर सोय आहे: तासभर पूर्ण ताकदीनं ओढलं तरी सहाशे-सातशे एमबीच्या वर काही जात नाही. रोज दीड जीबीचा पॅक असणाऱ्यांना हा आपोआप बसलेला बांध आहे.

धार बारीक का, तेही डोळ्यांसमोर आणता येतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ वाटांवरून सेकंदाला १,६०० पर्यंत उड्या मारत बोलतं, त्या वेगात प्रत्येक उडी ६२५ मायक्रोसेकंदांची. त्याच उड्या सगळ्यांना वाटून घ्याव्या लागतात. फोनला घड्याळ जोडलेलं असेल, लॅपटॉपला इअरबड असतील, तर त्यांचाही वाटा त्यातच. इअरबडचा आवाज एकटाच सेकंदाला तीनशेच्या वर किलोबिट खातो, म्हणून इंटरनेट जोरात ओढायला लागलं की गाणं तुटतं, गाणं लावलं की पान रेंगाळतं. फोन मागच्या खिशात ठेवून खुर्चीवर बसलं तर मध्ये आपलं अंग येतं, अंगात बहुतेक पाणी, आणि या पट्ट्यातल्या लहरी पाण्यात जिरतात. तोच फोन टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी ठेवला की फरक लगेच जाणवतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क ब्लूटूथच्या डोंगलशेजारी खुपसलेली असेल तर तिचा गोंगाट याच पट्ट्यात सांडतो. ती एक हात लांब नेली तरी पुष्कळ होतं.

एक काळजी मात्र आधीच घ्यावी. बारीक धारेवर लॅपटॉपनं मागच्या मागे अपडेट ओढायला घेतले तर समोरचं पान उघडायचंच नाही. अँड्रॉइड पत्ता देतानाच ‘हे मोजलेलं इंटरनेट आहे’ अशी खूण पाठवतो आणि नेटवर्कमॅनेजर ती ओळखतो. मग ग्नोमचं सॉफ्टवेअर केंद्र आणि उबंटूचे आपोआप होणारे अपडेट थांबून राहतात. स्नॅप या उबंटूच्या वेगळ्या पद्धतीनं आलेली पॅकेजं मात्र त्यांना वेगळं बजावल्याशिवाय थांबत नाहीत: ‘स्नॅप सेट सिस्टिम’, आणि पुढे ‘रिफ्रेश डॉट मीटर्ड’ला ‘होल्ड’. ज्यानं एकदा भर कामात अडीचशे एमबीचा ब्राउझर गुपचूप उतरताना पाहिला आहे तो ही ओळ विसरत नाही.

तासाभरानं ती मुलगी आत आली आणि त्याच खिडकीपाशी बसली. फोन वहीवर पालथा ठेवला, लॅपटॉपच्या अगदी लगत. तार नव्हती. पाण्याच्या पिंपाकडे जाताना तिच्या मागून वाट आहे, तिथून जाताना पडदा दिसला. मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेची पीडीएफ उतरत होती, बारा एमबीपैकी सात झाले होते, आणि खाली बारीक अक्षरांत वेग होता: सेकंदाला १६८ केबी. तिनं कोपरानं फोन आणखी बोटभर जवळ सरकवला. पंखा फिरत होता, स्पीकरमधून काही आवाज येत नव्हता.